कोन्शे नावाचं काहीतरी

राघो सोनवणे सुरतेच्या बमरोलीत दोन खोल्यांमध्ये एकटा राहायचा. एकट्या माणसाला चारदोन खोडी लागतातच, तशा त्यालाही लागल्या होत्या. टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्याशी तो वाद घालायचा, गॅसवरच्या दुधाला ‘थांब जरा’ म्हणून बजावायचा आणि कॉम्प्युटर हळू चालला की त्याला ‘म्हाताऱ्या’ अशी हाक मारायचा. कॉम्प्युटर नऊ वर्षांचा होता आणि राघो एकोणसाठचा, तेव्हा म्हातारं कोणी कोणाला म्हणावं हा प्रश्नच होता. पण घरात तो काढायला तिसरं कोणी नव्हतं.

त्याचं काम पंचिंगचं. साडीवर मशीन जी एम्ब्रॉयडरी करते, तिचं डिझाइन आधी कॉम्प्युटरवर टाका टाका करून बसवावं लागतं. सुई कुठे शिरणार, कुठे वळणार, धागा कुठे तुटणार, सगळं आधी ठरवायचं आणि पेन ड्राइव्हवर घालून कारखान्यात पोचवायचं. धरणगावाहून पोटासाठी सुरतेला आला तेव्हा राघो पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना हाताने भोकं पाडायचा, त्या पट्ट्यांवर माग चालायचे. पुढे पट्ट्या गेल्या, कॉम्प्युटर आले आणि त्याच्या बरोबरीचे निम्मे लोक कुठे कुठे वॉचमन झाले. राघो मात्र पंचेचाळिशीत माउस धरायला शिकला. शिकवलं चेतनने, त्याच्या मुलाने. इंग्रजी त्याला अक्षरांपुरतं यायचं. अक्षराला अक्षर जोडून तो नाव वाचायचा आणि अर्थाच्या वाटेला जायचा नाही.

चेतन आता पुण्यात एका कंपनीत प्रोग्राम लिहायचा, आणि बापलेकांचं बोलणं तीन वर्षं बंद होतं. राघोची बायको प्रमिला गेली, तिचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी चेतन म्हणाला की नाना, इथलं आवरा आणि माझ्याबरोबर चला. राघो म्हणाला, नाही. कुणाच्या घरी जाऊन कोपरा अडवायचा त्याला नव्हता. शब्दाने शब्द वाढला. राघोचा स्वभाव मोडेन पण वाकणार नाही असा, आणि मोडताना समोरच्याचं बोटही चिरणार. तो शेवटी त्यांच्या घरच्या हिंदीत म्हणाला, “जिंदा हूँ कि मर गया, आज के बाद मेरे को पूछने का नहीं.” ज्या पोराने जन्मात बापाचं एक ऐकलं नाही, त्याने नेमकं हे ऐकलं.

राघोला वाटलं होतं, आठ दिवसांत फोन येईल. मग वाटलं, दिवाळीला येईल. दिवाळी गेली, आखाजीचा सण आला, तोही गेला. पुढे त्याने वाट पाहणं सोडलं असं तो स्वतःला सांगायचा, पण न्हाणीघरात जाताना फोन दाराशी स्टुलावर ठेवून जायचा. फोन यायचे ते कर्ज हवं का म्हणून विचारणाऱ्या बायांचे. त्यांच्याशीही तो दोन मिनिटं बोलायचा.

यंदा लग्नसराईच्या तोंडावर बन्सीलाल शेठचं एक डिझाइन फुटलं. बन्सीलालच्या साड्या बाजारात उतरायच्या आधीच तीच वेल, तेच मोर, पर्वत पाटियाच्या एका दुकानात लटकलेले दिसले. कुठून फुटलं ते देव जाणे, पण शेठने आपल्या सगळ्या पंचिंगवाल्यांना निरोप धाडला की गुरुवारपर्यंत आपापला कॉम्प्युटर तपासून घ्या, आत नको ते काही असेल तर काढून टाका, त्याशिवाय नवं काम मिळणार नाही. राघोला त्याने स्वतः फोन केला. अगदी मऊ आवाजात म्हणाला, राघुभाई, तमारा पर शंका नथी, पण. हा ‘पण’ राघोने तीस वर्षांत पुष्कळदा ऐकला होता. काम गेलं तर दिवसभर करायचं काय, हा त्याला खरा धाक होता. पोटापुरतं कसंही निघालं असतं.

म्हणून बुधवारी सकाळी चहा झाल्यावर तो कॉम्प्युटरसमोर बसला. तीन बटणं एकदम दाबली की एक यादी उघडते आणि पडद्यामागे कोण कोण राबतंय ते दिसतं, हे त्याला चेतननेच दाखवलं होतं. यादी लांबलचक होती. त्यातल्या एकाही नावाचा अर्थ त्याला कळत नव्हता, पण बरीचशी नावं तोंडओळखीची होती. पलीकडच्या गल्लीतली माणसं असतात तशी, रोज दिसतात आणि कोण कुठली ते आपण विचारत नाही. वरून खाली बोट फिरवत तो चालला आणि एका नावाशी थांबला. के, ओ, एन, एस, एच, ई.

“कोन्शे,” त्याने वाचलं. हे नाव त्याने आधी कधी पाहिलेलं नव्हतं, किंवा पाहिलं असेल तर लक्ष दिलं नव्हतं.

राघो घाईने निकाल लावणारा माणूस नव्हता. उलटा धागा दिसला तर कापण्याआधी तो कुठून आलाय ते बघावं, ही त्याची जुनी सवय. त्याने आधी पाहिलं की हे कोन्शे खातं किती. जवळजवळ काहीच नाही. इतकं कमी खाऊन राबणारा गडी अख्ख्या सुरतेत मिळाला नसता. मग कोणी बनवलंय ते पाहिलं. बाकीच्यांसमोर कुठल्या ना कुठल्या कंपनीचं नाव होतं, ह्याच्यासमोर जागा कोरी. राहतं कुठे, तर सगळ्यांपासून बाजूला, स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये. आणि कॉम्प्युटर सुरू झाला की तेही आपोआप उठून बसायचं. अँटीव्हायरस लावला, तर त्याने दीड तास घरघर करून सांगितलं की काही सापडलं नाही.

आता ह्याला चांगलं म्हणावं की वाईट? चोर असता तर अँटीव्हायरसने धरला असता. साव असता तर बापाचं नाव लावून आला असता. राघो खुर्चीत मागे टेकून त्या सहा अक्षरांकडे बघत राहिला. आपण एकटे समजत होतो आणि हे कधीपासून आपल्याबरोबर बसलेलं आहे, ह्या विचाराने त्याला भीती वाटली. खरं सांगायचं तर भीतीच्या बुडाशी थोडं बरंही वाटलं, आणि त्याची त्याला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याने लखनला बोलावलं. लखन पांडेसऱ्याला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचा. चाळिशीचा, जौनपूरकडचा, बोटं चपळ आणि मत त्याहून चपळ. त्याने ते नाव इंटरनेटवर शोधलं, पुन्हा शोधलं आणि खुर्ची फिरवून राघोकडे पाहिलं.

“दादा, पूरी दुनिया में ये किसी के पास नहीं है. सिर्फ आपके पास है.”

ही काही अभिमानाची गोष्ट नव्हती हे त्याने लगेच समजावून सांगितलं. चांगली चीज असती तर लाखो लोकांकडे असती. मग त्याने आणखी खोदलं आणि निघालं ते असं, की राघोने माउस हलवला की हे कोन्शे जागं होतं आणि तासाला एकदा बाहेर कुठेतरी काहीतरी धाडतं. राघोने विचारलं, डिझाइन? लखन म्हणाला, नाही, डिझाइन जाण्याइतकं मोठं नाही ते, चिठ्ठीसुद्धा नाही, चिठ्ठीचा कोपरा म्हणा. जातं कुठे, तर तिथे नुसते आकडे होते, त्यावरून गाव कळत नव्हतं.

लखनचं मत झालं की हे चायनाचं आहे. नावच सांगतंय ना, कोन्शे. राघोनेही तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं आणि त्यालाही ते चिनीच वाटलं. दोघांपैकी एकानेही जन्मात चिनी माणूस पाहिला नव्हता, पण एकमत व्हायला ते आड आलं नाही.

तरी राघो रेंगाळला. म्हणाला, काही नेत नाही, काही खात नाही, पडून राहिलं तर काय बिघडतं. लखनने त्याच्याकडे जरा दयेनेच बघितलं. म्हणाला, आज कोपरा नेतंय, उद्या अख्खी चिठ्ठी नेईल, आणि ज्याच्या बापाचा पत्ता नाही त्याला घरात ठेवतं का कोणी? शिवाय गुरुवार उजाडलेला होता आणि बन्सीलालचा ‘पण’ उभा होता. राघो म्हणाला, काढ. लखनने दोन बटणं दाबली आणि ते गेलं. एवढंसं काम. मग त्याने बन्सीलालच्या माणसाला फोन करून सांगितलं की राघुभाईंचा कॉम्प्युटर साफ आहे, आणि निघताना एका चिटोऱ्यावर ते नाव लिहून ठेवलं. पुन्हा कधी दिसलं तर मला कळवा, म्हणाला.

जिन्यात त्यांना खालच्या मजल्यावरच्या सुभद्राबाई भेटल्या. अमळनेरकडच्या, पासष्टीच्या, नवरा चलथाणच्या साखर कारखान्यातून निवृत्त होऊन दोन वर्षांनी वारला होता. जिन्यात भेटलेल्या माणसाला काय झालं हे न विचारता जाऊ देणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. राघोने सांगितलं की कॉम्प्युटरमध्ये कीड होती, गुपचूप बाहेर खबर द्यायची, काढून टाकली.

नवं काम आलं. शुक्रवारी आणि शनिवारी राघोने एका पदराची कैरी बसवली. कॉम्प्युटर होता तितकाच हळू चालत होता, म्हणजे त्या बिचाऱ्याने काही अडवलं नव्हतं. मधेच तो ती यादी उघडायचा आणि ते नाव जिथे होतं तिथे बघायचा. वरची आणि खालची नावं सरकून एकमेकांना चिकटली होती, जागासुद्धा रिकामी राहिली नव्हती. आपल्याला चुकल्यासारखं का वाटतंय हे त्याला कळेना. वेड लागायची वेळ आली, असं म्हणून तो यादी बंद करायचा.

रविवारी दुपारी दार वाजलं. सुभद्राबाई होत्या, हातात कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा, वर फडकं. येऊन बसल्या. आधी राघोकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग कॉटकडे, मग खिडकीतल्या औषधाच्या बाटलीकडे. जेवला का, झोप लागते का, गुडघा कसा आहे, सगळं विचारून झालं आणि तरी त्यांचा जीव खाली बसेना. राघोने विचारलं की आज काय एवढं. त्यांनी पदराने तोंड पुसलं, नको सांगायला म्हणाल्या, आणि सांगून टाकलं.

“तुमना चेतनना फोन उना व्हता, भाऊ. माले.”

सुभद्राबाईंनी अथपासून सांगितलं. काल सकाळी फोन आला. चेतनने विचारलं, नाना आजारी आहेत का, का गावी गेलेत, गुरुवारपासून त्यांचा कॉम्प्युटर बंद दिसतो. त्या म्हणाल्या, नाही रे बाबा, खणखणीत आहेत, कॉम्प्युटर तर दिवसभर चालू असतो, उलट परवा लखनला बोलावून त्यातली कीड काढून घेतली, बाहेर खबर देणारी. त्यावर चेतन एकदम गप्प झाला. फोन कट झाला असं त्यांना वाटलं. मग म्हणाला, काढून टाकली का त्यांनी, बरं, राहू द्या. आणि मी फोन केला होता हे त्यांना सांगू नका, म्हणाला. त्यांनी एक रात्र पोटात ठेवलं, पुढे राहिना.

राघोच्या डोक्यात काही जुळेना. पुण्यात बसून माझा कॉम्प्युटर चालू का बंद हे त्याला कसं दिसतं? आणि कीड काढली तर त्याला गप्प व्हायला काय झालं? तो उठून टेबलाशी गेला. लखनचा चिटोरा कीबोर्डखाली होता. चष्मा लावून, सुभद्राबाईंकडे पाठ करून, त्याने ती अक्षरं पुन्हा एकेक करून जोडली आणि मोठ्याने वाचली.

“कोन्शे.”

“मी शे ना, भाऊ, सुभद्रा,” त्या मागून म्हणाल्या. “आते तं दार उघाडं तुम्ही. दखाय नही का तुम्हले?”

राघो वळला. सुभद्राबाई खरोखरच काळजीत पडल्या होत्या, माणसाची नजर गेली की डोकं गेलं म्हणून. राघोने त्यांच्याकडे पाहिलं, मग पुन्हा चिटोऱ्याकडे.

कोन शे. कोण आहे. अहिराणी. त्याच्या आईची भाषा, त्याच्या बायकोची भाषा. ज्या भाषेत तो स्वतः रडायला शिकला, तीच त्याने चायनाची ठरवली होती.

आणि ठरवणारच होता तो. सुरतेत आला त्या पहिल्या वर्षी मागाच्या खात्यात त्याने कुणालातरी काहीतरी ‘शे’ म्हणून सांगितलं आणि सगळं खातं हसलं. छे बोल, छे, शे काय? महिनाभर त्याला ‘शे’ अशीच हाक मारायचे. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराच्या ते फार जिव्हारी लागलं. त्याने गुजराती घोटून घोटून पाठ केली, आणि पुढे चेतन बोलायला लागला तेव्हा घरात कायदाच केला की पोराच्या कानावर अहिराणी पडता कामा नये. प्रमिला ऐकायची आणि राघो कामाला गेला की लेकाशी आपलं आपलं बोलायची. राघो घरात आला की मायलेक भाषा बदलायचे. त्याला ते माहीत होतं. आपण जिंकलो असं त्याला वाटायचं. तिच्यामागे तर ती बोली ह्या दोन खोल्यांत निघालीच नव्हती. मग कॉम्प्युटरच्या पोटात ती कशी असेल, असं कोणाच्या डोक्यात येणार?

भांडण झालं त्या दिवशी पुण्याची गाडी पकडायच्या आधी चेतन दोन तास ह्याच खुर्चीत पाठ करून बसला होता. राघोला वाटलं होतं, रागाने बसलाय. विचारायचं नाही असं बापाने सांगितलं होतं, तर त्याने विचारायचं काम मशीनला लावलं. दिवसभर तासातासाला ते राघोला कोण आहे म्हणून विचारत होतं, आणि राघो कैरी नाहीतर मोर बसवता बसवता माउस हलवत होता आणि पुण्याला उत्तर जात होतं की आहे, आहे. तीन वर्षं. आणि गुरुवारी बापाने लखनकडून ते धरून काढलं. चेतनला काय वाटलं असेल? बापाला सापडलं, बापाने वाचलं, त्याला समजलं, आणि समजून उमजून त्याने ते बाहेर फेकलं. राहू द्या, म्हणाला पोरगा. ह्याच्या पुढे तो कधी विचारणार नव्हता. हे राघोला लख्ख कळलं.

लखनला सांगून ते परत बसवता येईल का, असं एकदा मनात आलं. पण बसवून काय होणार? चेतनला परत कॉम्प्युटर चालू दिसला असता, त्याहून जास्त काय कळलं असतं. जे सांगायचं होतं ते कोपऱ्याएवढ्या चिठ्ठीत मावणारं नव्हतं. सुभद्राबाई म्हणाल्या, मी लावून देऊ का फोन? राघोने मानेने नाही म्हटलं. नंबर त्याला पाठ होता. तीन वर्षांत तो न लावता कितीदा तरी काढून बघितला होता.

दुसऱ्याच रिंगला फोन उचलला गेला. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. राघोने तोंड उघडलं. पोराशी जन्मभर ज्या हिंदीत बोलला ती आत्ता कामाची नव्हती, आणि जी कामाची होती ती जिभेवर यायला वेळ लागला.

“चेतन,” तो म्हणाला. “माले वाचताच उनं नही रे.”

मग चेतनचा आवाज आला, जरा घोगरा, थेट प्रमिलाच्या हेलाचा.

“मंग काय वाचं तुम्ही, नाना?”

“चायनानं समजनू मी.”

चेतन हसला. हसता हसता मधेच त्याचा आवाज चिरकला आणि तो पुन्हा हसला. राघोही हसायला लागला, चष्मा काढून डोळे पुसायला लागला. सुभद्राबाई उगाच भाकरीवरचं फडकं सारखं करत बसल्या. मग हळूहळू दोन्हीकडचं हसू संपलं. तरी फोन कोणी ठेवला नाही.